मळभात सोलर किती चालतो, आणि कधी खरंच बिघडलेला असतो

कुडाळ-सावंतवाडी पट्ट्यात मी सोलर बसवतो. त्याआधी बरीच वर्षं वायरमनचं काम केलं, त्यामुळे घरातला फ्यूज उडाला तरी लोक अजून मलाच बोलावतात. मृगाचा पाऊस नीट धरला की फोन सुरू होतात. "रे, तुझो सोलर बंद पडलो काय?" बहुतेक ठिकाणी तो बंद पडलेला नसतो, आभाळ भरलेलं असतं एवढंच. पण काही घरी तो खरंच बिघडलेला असतो आणि घरची माणसं "पावसाळा आहे, कमी होणारच" म्हणून दसऱ्यापर्यंत गप्प बसतात. महाग पडतो तो हा दुसरा प्रकार. म्हणून मळभाची घट कोणती आणि बिघाडाची कोणती, हे घरच्या घरी कसं ओळखायचं ते सांगतो.

आधी आकडे

आपल्याकडे बहुतेक घरांवर ३ किलोवॉटचा सोलर आहे. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपये सबसिडी मिळते आणि त्यापुढे ती वाढत नाही, म्हणून सगळे तिथेच थांबतात. मी पुढची सगळी उदाहरणं याच मापाची घेतो. तुमचा कमीजास्त असेल तर त्या प्रमाणात धरा.

दर किलोवॉटमागे वर्षाची सरासरी दिवसाला साधारण ४ युनिट. म्हणजे ३ किलोवॉटला रोज १२, वर्षाला ४,००० च्या आसपास. पण ही सरासरी आहे, रोजचा पगार नव्हे. मार्च-एप्रिलमध्ये रोज १४-१५ युनिट सहज येतात. जुलैत महिन्याची सरासरी दिवसाला ६-७ वर येते. आणि सलग झड लागली, दुपारी बारालाही घरात दिवे लावावे लागले, तर दिवसभरात २-३ युनिटवर समाधान मानायचं. आंबोलीसारख्या ठिकाणी, जिथे वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि धुकं घरात शिरतं, तिथे अशा दिवसांची रांगच लागते. कुडाळात तेवढी लागत नाही. आंबोलीच्या माणसाने कुडाळच्या पाहुण्याशी आकडे ताडून स्वतःला त्रास करून घेऊ नये.

विक्री करणारा जर तुम्हाला "पावसातही तेवढीच वीज" म्हणत असेल तर त्याला चहा द्या आणि वाटेला लावा. पण "पावसात काहीच येत नाही" हेही तितकंच खोटं. कोचीचा विमानतळ केरळच्या धो धो पावसात आहे, आणि तरी ऑगस्ट २०१५ मध्ये १२ मेगावॉटच्या सोलरपासून सुरुवात करून तो आपल्या सोलरवर वर्षाचा हिशेब जुळवतो. दिवसाची जास्तीची वीज ग्रिडला द्यायची, लागेल तेव्हा परत घ्यायची. आपल्या छपरावरही तेच चालतं, लहान मापात.

प्लेटला उजेड हवा असतो, उष्णता नको

प्लेटवर लिहिलेले वॉट हे कारखान्यातले असतात: दर चौरस मीटरवर १,००० वॉट उजेड आणि प्लेटच्या आतलं तापमान २५ अंश. आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी पत्र्यावरची प्लेट ६० अंशांवर जाते, आणि वाढलेल्या प्रत्येक अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के वीज घटते. म्हणजे रणरणत्या उन्हात दहा-बारा टक्के तर नुसत्या तापण्यात जातात. ३ किलोवॉटचा इन्व्हर्टर (प्लेटांची डीसी वीज घरातल्या एसी विजेत बदलणारं यंत्र) एप्रिलमध्ये २.३-२.४ दाखवतो त्यामागे हेच कारण असतं.

उलट श्रावणात दोन सरींच्या मधे लख्ख उघडीप मिळाली की बघा. हवा धुतलेली, काच धुतलेली, प्लेट गार. इन्व्हर्टरचा आकडा एप्रिलपेक्षा वर चढतो. ढगाच्या कडेवरून परतलेला उजेड सरळ उन्हात मिसळला तर क्षणभर तो आणखी उसळतो. ही उघडीप मी तपासणीसाठी राखून ठेवतो. पावसाळ्यात सोलर ठणठणीत आहे की नाही हे महिन्याच्या युनिटवरून कळत नाही, उघडिपीतल्या दहा मिनिटांवरून कळतं. अकरा ते दोनच्या दरम्यान ऊन पडलं की मोबाईलवर इन्व्हर्टरचं ॲप उघडा. ३ किलोवॉटला २.४ च्या वर दिसलं तर निर्धास्त राहा. कडक उन्हातही १.६-१.७ वर अडकत असेल, तर ढगाला दोष देऊ नका.

उघडीप मिळतच नसेल तर अंगणात उभे राहा आणि स्वतःची सावली शोधा. सावली मुळीच दिसत नसेल तर क्षमतेच्या १० ते ३० टक्के वीज धरा, म्हणजे ३०० ते ९०० वॉट. पुसट दिसत असेल तर ३० ते ५० टक्के. कड ठसठशीत असेल तर ७० च्या वर यायलाच हवं. हे काही प्रयोगशाळेचं माप नाही, पण "काहीतरी गडबड आहे" आणि "काही गडबड नाही" यांतला फरक एवढ्यावर कळतो.

एक आकडा वहीत लिहून ठेवा

हा भाग कुणी सांगत नाही, म्हणून जरा थांबतो. उजेड निम्मा झाला की प्लेटचा करंट निम्मा होतो, पण व्होल्टेज फारसं उतरत नाही. म्हणून तर मळभातही इन्व्हर्टर चालू राहतो. याचा उपयोग असा की व्होल्टेजचा आकडा पावसाळ्यातही बऱ्यापैकी खरं बोलतो.

बहुतेक ॲपमध्ये 'पीव्ही व्होल्टेज' नावाने तो दिसतो. पाचशे-चाळीस वॉटच्या सहा प्लेटा एका ओळीत जोडलेल्या असतील तर तो उन्हाळ्यात सव्वादोनशेच्या आसपास, गार हवेत अडीचशेपर्यंत असतो. तुमच्या घरचा आकडा एखाद्या स्वच्छ दुपारी बघून तारखेसह वहीत लिहा. पुढे कधी तो अचानक चाळीसेक व्होल्टने खाली दिसू लागला आणि तिथेच राहिला, तर एक अख्खी प्लेट कामातून गेली असं समजा. बारा-तेरा व्होल्टनेच उतरला असेल तर एका प्लेटचा एक तृतीयांश भाग. प्लेटच्या मागच्या डबीत तीन डायोड असतात, आणि एखाद्या भागावर सावली किंवा बिघाड आला की तेवढा भाग बाजूला टाकून बाकीचा करंट पुढे पाठवायचं काम ते करतात. म्हणून माडाची एक झावळ आडवी पडली तरी अख्खी ओळ मरत नाही, पण ती झावळ तेवढे व्होल्ट खाते.

दुसरी खूण ॲपमधल्या दिवसाच्या आलेखात असते. मळभाचा आलेख करवतीच्या दात्यांसारखा वर-खाली होतो आणि रोज वेगळा दिसतो. सावलीचा खड्डा रोज त्याच वेळी पडतो. रोज सव्वातीनला आलेख खचतो म्हणजे पश्चिमेचा फणस वाढलाय, त्याच्याकडे बघा. गर्द मळभात उजेड सगळ्या आभाळातून सारखा येतो, झाडाची सावलीच पडत नाही, म्हणून तेव्हा हा खड्डा गायब होतो आणि लोकांना वाटतं दुरुस्त झालं. ऊन पडलं की तो परत येतो.

आणि आलेख एकदम शून्यावर जाऊन काही वेळाने पुन्हा उभा राहत असेल तर तो लाईट गेल्याचा पुरावा. बॅटरी नसलेला सोलर ग्रिडची वीज गेली की स्वतःहून बंद होतो. खांबावर काम करणाऱ्या माणसाला तुमच्या छपरावरून शॉक बसू नये म्हणून तसं केलेलं असतं, आणि ते काढता येत नाही, काढायचंही नाही. वीज परत आल्यावरही इन्व्हर्टर काही मिनिटं थांबून मगच धरतो. आपल्याकडे जून-जुलैत फांद्या पडून दिवसादिवसाचा खोळंबा होतो. अशा गावात पावसाळी घटीचा मोठा वाटा ढगांचा नसतो, बंद लाईनचा असतो. ॲपमध्ये अशा खंडांचे स्क्रीनशॉट काढून ठेवले तर वीज कार्यालयात बोलताना हातात काहीतरी असतं.

बिल वाचताना होणारा घोटाळा

जुलैच्या बिलात 'निर्यात' ४० युनिट दिसली की लोक हादरतात. महिनाभरात चाळीसच? तसं नाही. नेट मीटर फक्त बाहेर गेलेली आणि बाहेरून आलेली वीज मोजतो. दिवसा सोलरने बनवलेली आणि त्याच क्षणी फ्रिज, पंखा, मिक्सरने खाल्लेली वीज त्याच्यापर्यंत पोचतच नाही. एकूण किती बनली ते इन्व्हर्टरच्या पडद्यावर किंवा जनरेशन मीटर असेल तर त्यावर बघायचं. पावसाळ्यात निर्मिती कमी, त्यात घरात पंपापासून इस्त्रीपर्यंत सगळं दिवसा चालू, मग बाहेर जायला उरणार काय?

महाराष्ट्रात जास्तीची युनिट पुढच्या महिन्यात जमा होत राहतात आणि ३१ मार्चला वर्षाचा हिशेब होतो. तेव्हा उरलेल्या युनिटला मिळणारा दर फार नसतो. म्हणजे १ एप्रिलला पाटी कोरी. एप्रिल-मेमध्ये साठवलेली युनिट बरोबर जून ते सप्टेंबर वापरायला मिळतात, हे कोकणाच्या पथ्यावर पडतं. फक्त मेमध्ये मुंबईची माणसं आली म्हणून दोन एसी रात्रंदिवस चालवले, तर साठा आगोटीलाच संपतो. मग चतुर्थीला घर भरतं, माळा, पंखे, दोन-दोन मिक्सर, आणि निर्मिती नेमकी कमी. त्या महिन्याचं बिल येणार हे धरून चाला. स्थिर आकार तर बारा महिने असतोच, शून्य बिल हा जाहिरातीतला शब्द आहे.

पावसाआधी छपरावर काय करायचं

मेच्या शेवटच्या आठवड्यात, शक्यतो वळीव पडायच्या आधी, सकाळी लवकर वर चढा. इन्व्हर्टरचा एसी बाजूचा एमसीबी आधी बंद, मग डीसी स्विच. तरीही लक्षात ठेवा, उजेड आहे तोवर प्लेटा जिवंत असतात. डीसीचा शॉक जिवावर बेतू शकतो. म्हणून बघायचं सगळं, हात लावायचा फक्त धुण्यापुरता आणि बांधण्यापुरता.

पहिली नजर कनेक्टरवर. प्लेटांच्या खाली काळ्या वायरींचे जोड असतात. ते पत्र्यावर किंवा स्लॅबवर लोळत असतील तर पावसात ते पाण्यात बुडून राहणार. वायर फ्रेमला उचलून बांधा, आणि जोडापाशी वायरीचा थोडा झोल खाली सोडा, म्हणजे पाणी झोलाच्या तळाशी ठिबकतं, जोडात शिरत नाही. साध्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या टाय उन्हाने वर्षात तुटतात, उन्हात टिकणाऱ्या काळ्या टाय किंवा स्टीलच्या घ्या. उंदराने कुरतडलेली वायर दिसली तर टेप गुंडाळू नका, माणूस बोलवा.

हा जोड ओला झाला की काय होतं ते सांगतो, कारण पावसाळ्यातला सगळ्यात फसवा बिघाड हाच. इन्व्हर्टर रोज सकाळी चालू होण्याआधी वायरीतून जमिनीकडे गळती होते का हे तपासतो. गळती सापडली की 'आयसोलेशन फॉल्ट' किंवा 'लो इन्सुलेशन' असं काहीतरी दाखवून थांबतो. दहा वाजता वारा लागून जोड सुकला की आपोआप चालू. घरच्यांना वाटतं मशीन उशिरा उठतं. तसं दिसलं तर अर्थ एकच, वर कुठेतरी पाणी शिरतंय. पहिल्याच आठवड्यात बघून घेतलं तर एका कनेक्टरवर भागतं. ओलाव्याने जोड आतून गंजला की तो तापतो, आणि तापलेला डीसीचा जोड जळूही शकतो.

दुसरी नजर खालच्या काठावर. पाऊस प्लेटा धुतो हे अर्धंच खरं. आमच्याकडे जुन्या स्लॅबवर पत्र्याची शेड असते आणि तिचा उतार इतका कमी की पाणी प्लेटच्या खालच्या फ्रेमशी अडून राहतं. तिथे जांभ्याच्या लाल मातीची रेघ बसते, रेघेवर शेवाळ धरतं, आणि ते नेमकं खालच्या ओळीतले सेल झाकतं. मऊ ब्रश, साधं पाणी, सकाळची वेळ. तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका, प्रेशर पंप नको, कपडे धुवायची पावडर तर अजिबात नको. आणि पावसात शेवाळलेल्या पत्र्यावर चढून ब्रश मारायचा पराक्रम नको, दोन युनिटसाठी कंबर मोडून घ्यायची नाही. नवीन बसवत असाल तर निदान दहा अंश उतार मागा, पंधरा मिळाला तर उत्तम. दिशा दक्षिणच ठेवा. आपल्या अक्षांशावर मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत भरदुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, म्हणून काही जण प्लेटा उत्तरेला वळवायला सांगतात. त्या दिवसांत ऊन असतंच किती? वर्षाची कमाई ऑक्टोबर ते मे होते आणि त्यातला मे सोडला तर सूर्य दक्षिणेकडेच असतो.

झाडं मेमध्येच छाटा. आंब्याला हात लावायला जीव होत नाही हे मला ठाऊक आहे, पण निदान माडाच्या सुकलेल्या झावळ्या उतरवा. नारळ पडून फुटलेल्या काचेला वॉरंटी नसते.

समुद्राकाठच्या घरांनी नट-बोल्ट बघावेत. देवबाग-वेंगुर्ल्याच्या खाऱ्या वाऱ्यात साधा बोल्ट दोन पावसाळ्यांत तांबडा होतो. स्टेनलेस स्टीलचे घाला. २०२१ च्या मेमध्ये तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याला घासून गेलं तेव्हा काय काय उडालं ते सगळ्यांनी पाहिलंय. स्ट्रक्चर नुसतं पत्र्याला स्क्रूने धरलेलं असेल तर ते खालच्या लोखंडी पाइपपर्यंत नेऊन बांधून घ्या. वादळानंतर पहिल्या उघडिपीत काचेवरचं मीठ गोड्या पाण्याने धुवा.

वीज, अर्थिंग आणि पूर

हे थोडक्यात. वीजरोधकाचा, डीसी बाजूचा आणि एसी बाजूचा असे तीन वेगळे अर्थिंगचे खड्डे हवेत. जांभ्याच्या सड्यावर अर्थिंग मिळणं अवघड, म्हणून खड्डा करताना कंजूषपणा झालेला असू शकतो, मीटर लावून मोजून घ्या. रीडिंग पाच ओहमच्या आत असावं, आणि ते मेमध्ये मोजायचं, कारण पावसात ओल्या जमिनीत कुठलंही अर्थिंग चांगलंच दिसतं. डीसी आणि एसी डब्यांत एसपीडी नावाचा, विजेचा झटका स्वतःवर घेणारा लहान तुकडा असतो, त्याची खिडकी हिरवी असते. गडगडाट झाला की दुसऱ्या दिवशी डबा उघडून बघा. लाल झाली असेल तर त्याने स्वतःवर घाव घेतलाय, बदलून घ्या. नाही बदलला तर पुढची वीज थेट इन्व्हर्टरला.

नदीकाठी घर असेल तर इन्व्हर्टर वरच्या मजल्यावर. चिपळूणला २२ जुलै २०२१ ला पाणी कुठवर चढलं ते आठवा आणि त्या मापाने भिंत निवडा. बुडालेल्या इन्व्हर्टरजवळ पाण्यात उतरून जाऊ नका. लाइन बंद असली तरी दिवसा प्लेटांकडून डीसी येत असतो.

बॅटरी असेल तर पावसाळ्याची सेटिंग वेगळी

ज्यांच्याकडे लाईट वारंवार जाते त्यांनी हायब्रिड, म्हणजे ग्रिड आणि बॅटरी दोन्हींवर चालणारा सोलर घेतलेला असतो. त्यांनी रात्रीचा खर्च एकदा कागदावर मांडावा. सहा एलईडी पाच तास म्हणजे पाव युनिटच्या जरा वर, दोन बीएलडीसी पंखे आठ तास साधारण अर्धं युनिट, राउटर दिवसभर पाव, टीव्ही थोडा. हे झालं सव्वा युनिटच्या आत. फ्रिज धरला की आणखी एक. दीडशे एएचच्या एका ट्यूब्युलर (लेड-ॲसिड) बॅटरीत कागदावर १.८ युनिट असतात, पण तिला निम्म्याखाली उतरवायचं नाही म्हणून हातात ०.९. एका बॅटरीवर फ्रिज चालेल का, हे तुम्हीच ठरवा. पाच युनिटच्या लिथियममधून चार युनिट निर्धास्त वापरता येतात, म्हणजे मळभाचे दोन दिवस निघतात.

उन्हाळ्यात सेटिंग 'आधी सोलर, मग बॅटरी, शेवटी ग्रिड' ठेवतात, ते योग्यच. मृगापासून ते बदला: आधी सोलर, मग ग्रिड, बॅटरी फक्त लाईट गेल्यावर. ग्रिडवरून चार्जिंगही चालू ठेवा. नाहीतर संध्याकाळी बॅटरी रिकामी, रात्री लाईट जाते आणि सकाळी ऊन नाही, अशी कोंडी होते. लेड-ॲसिड बॅटरी अर्धवट भरलेली आठवडेच्या आठवडे ठेवली तर तिच्या प्लेटांवर सल्फेट चढतं आणि ती कायमची दुबळी होते. आठवड्यातून एकदा ग्रिडवरून पूर्ण भरू द्या, डिस्टिल्ड वॉटर बघा. ऑक्टोबरात सेटिंग परत उन्हाळी करायला विसरू नका. हे विसरणारे पुष्कळ भेटतात, दिवाळीपर्यंत ग्रिडवरून बॅटरी भरत बसतात.

फोन करण्याआधी

फोन जरूर करा, पण आधी चार फोटो पाठवा. इन्व्हर्टरचा पडदा किंवा त्यावरचा एरर, ॲपमधला आजचा आणि एखाद्या चांगल्या दिवसाचा आलेख, एसपीडीची खिडकी, आणि खालून जेवढं दिसेल तेवढं छप्पर. सोबत लाईट कधी गेली होती ते आणि तुमच्या वहीतला व्होल्टेजचा आकडा. एवढं हातात आलं की येताना कनेक्टर आणि मेगर (वायरीची गळती तपासायचा मीटर) घेऊन यायचं की नुसती छत्री, ते मला घरी बसून ठरवता येतं.